बाबांची नाडी बसल्या बसल्या १०० च्या वर, लघवीत अल्ब्युमिन, पण क्रिएटिनीन नॉर्मल. शुगरवाल्यांनो, जरा सांगा

सक्करदरा_एक्सप्रेस
नमस्कार मंडळी, बाबांबद्दल विचारायचं आहे, थोडं लांब होईल. वय ६१, टाइप २ शुगर बारा-तेरा वर्षांपासून, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू, बीपीला अ‍ॅम्लोडिपिन, आणि मागच्या वर्षीपासून प्रोस्टेटची टॅमसुलोसिन रात्री. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.४ आहे, म्हणजे कंट्रोल काही खास नाही, गोड खात नाही म्हणतात पण घरात संत्रा बर्फीचा डबा आला की तो आपोआप हलका होतो. तर झालं असं की बहिणीने त्यांना घड्याळ दिलं वाढदिवसाला, त्यात नाडी सारखी १०२-१०४ दाखवून राहिली, टीव्ही बघत बसले तरी तेवढीच, झोपेत पण ९५ च्या खाली येत नाही. सकाळी पलंगावरून उठले की भिंत धरतात, म्हणतात डोळ्यापुढे अंधारी येते. ईसीजी काढला, इको काढला, दोन्ही नॉर्मल. थायरॉइड नॉर्मल, हिमोग्लोबिन १३.६. क्रिएटिनीन (किडनी रक्तातून काढते तो कचरा) ०.९, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) ९७. फक्त लघवीचा एसीआर, म्हणजे क्रिएटिनीनच्या मानाने अल्ब्युमिन किती, तो ८६ आला. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणतात वयाप्रमाणे होतं, किडनी उत्तम आहे, टेन्शन घेऊ नका. मला मात्र टेन्शन येऊन राहिलं. नाडी आणि लघवी ह्या दोन गोष्टींचा एकमेकांशी काही संबंध आहे का?

तर्रीप्रेमी
भाऊ त्या घड्याळांवर जाऊ नका, माझं घड्याळ मी बर्डीवर सिग्नलला उभा असताना झोपलो म्हणून दाखवते. बाकी ईजीएफआर ९७ म्हणजे माझ्यापेक्षा भारी आहे.

लॅबवाला
घड्याळाचं सोडा, बोटाने मनगटावर पूर्ण एक मिनिट मोजा, खरं-खोटं तिथेच कळते.

एसीआरबद्दल मी सांगतो कारण रोज तेच करतो. ३० च्या आत नॉर्मल, ३० ते ३०० म्हणजे अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) थोडं गळतंय, ज्याला सगळे मायक्रोअल्ब्युमिन म्हणतात, ३०० च्या वर म्हणजे चांगलंच गळतंय. आकडा मिलिग्रॅम प्रति ग्रॅम क्रिएटिनीन असा असतो. तुमचा ८६ मधल्या गटात बसतो. पण एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नसतो, तीन ते सहा महिन्यांत तीन वेळा बघायचं आणि तीनपैकी दोन जास्त आले तर खरं मानायचं. सकाळची पहिली लघवी द्या. ताप असेल, लघवीला जळजळ असेल, आदल्या दिवशी जोरात व्यायाम झाला असेल, शुगर किंवा बीपी फारच चढलेलं असेल तर आकडा उगाच फुगतो, बायकांना पाळी चालू असताना पण देऊ नये.

आणि एक खदखद आहे ती इथे काढतो. लोकं येतात, हातात सत्तर टेस्टचं फुल बॉडी पॅकेज असते, त्यात व्हिटॅमिनं असतात, लोह असते, नावं वाचता येणार नाहीत अशा गोष्टी असतात, आणि बारा वर्षांच्या शुगरवाल्याला एसीआर नसतो! त्यात साधी युरिन रुटीन असते, त्यात लिहिलेलं असते प्रोटीन निल. घरी खुशाल. अहो ती पट्टी एवढ्या कमी अल्ब्युमिनला रंगच बदलत नाही, ८६ वाला माणूस तिच्यावर आरामात निल येऊ शकतो. टाइप २ मध्ये निदान झालं त्याच वर्षी एसीआर करायचा आणि मग दरवर्षी, कारण शुगर कधीपासून आहे ते कोणालाच माहीत नसते.

नाडीपरीक्षा
मी फिजिशियन आहे, धंतोलीतल्या दवाखान्यांत बसत नाही त्यामुळे अपॉइंटमेंट मिळेल का विचारू नका :) तपासल्याशिवाय निदान सांगता येत नाही, पण तुम्ही जे लिहिलंय त्यात एक नाव डोक्यात यायलाच पाहिजे. कार्डियाक ऑटोनॉमिक न्युरोपॅथी, आम्ही कॅन म्हणतो. हृदयाकडे जाणाऱ्या आपोआप चालणाऱ्या नसा शुगरमुळे खराब होणं.

हृदयाचा वेग दोन बाजूंनी सांभाळला जातो. सिम्पथेटिक नसा तो वाढवतात, वेगस नावाची नस ब्रेकचं काम करते. शुगर वर्षानुवर्षं वर राहिली की नसा आणि त्यांना रक्त देणाऱ्या केसासारख्या वाहिन्या दोन्ही बिघडतात, आणि लांब नसा आधी मार खातात. पायाची बोटं आधी बधिर होतात ती त्यामुळेच. वेगस डोक्यातून निघून छातीतून पार पोटापर्यंत जाते, म्हणून आत ती आधी जाते, आणि ब्रेक गेल्यावर नाडी बसल्या बसल्या ९०-१०० च्या वर राहते, झोपेतही उतरत नाही. पुढच्या टप्प्यात सिम्पथेटिक बाजू पण जाते आणि मग उभं राहिल्यावर बीपी धाडकन खाली येतं, कारण पायाकडच्या रक्तवाहिन्या आवळायला सांगणारं कोणी उरत नाही. साधा ईसीजी आणि इको ह्यात नॉर्मल येऊ शकतात. त्या दोन टेस्ट हृदयाचा स्नायू आणि ठोक्यांची वायरिंग बघतात, ह्या बाहेरच्या नसांची परीक्षा त्यात होत नाही.

आता तुमचा संबंधाचा प्रश्न, जो एकदम बरोबर आहे. रात्री झोपेत बीपी दहा ते वीस टक्के उतरायला पाहिजे. वेगस दुबळी झाली की ते उतरणं होत नाही, म्हणजे किडनीच्या गाळणीला रात्रीची सुट्टीच मिळत नाही. त्यात शुगरमुळे गाळणीत रक्त आणणारी नळी आधीच सैल झालेली आणि बाहेर नेणारी आवळलेली, आतलं प्रेशर वाढतं आणि अल्ब्युमिन गळायला लागतं. शिवाय मूळ कारण दोघांचं एकच, बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान. त्यामुळे एक सापडलं की दुसरं शोधायचं असतं, आणि डोळ्याचा पडदा पण त्याच आठवड्यात दाखवून घ्यायचा.

ईजीएफआर ९७ वर खूश होऊ नका. सुरुवातीला जास्त प्रेशरमुळे गाळणी जास्तच गाळते, आकडा उलट छान दिसतो. क्रिएटिनीन हलायला लागतं तोवर साधारण निम्मं काम गेलेलं असतं.

एक करा. घरी बीपी मशीन असेल तर बाबांना पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी-नाडी घ्या, मग उभं करून एका मिनिटाला आणि तीन मिनिटांना घ्या. बाजूला कोणीतरी उभं राहा, पडू देऊ नका.

सक्करदरा_एक्सप्रेस
केलं डॉक्टर. दिवाणावर झोपवलं, आई मोबाईलवर टाइम लावून बसली, बाबा म्हणे एवढ्यासाठी मला माझ्याच घरात पेशंट केलं. आडवं असताना १५८/८८, नाडी १०२. उभं राहून एक मिनिट, १२६/७६, नाडी १०६. तीन मिनिटांनी १२८/७६, नाडी १०५. उभे असताना खिडकीची जाळी धरून होते आणि म्हणाले मान आणि खांदे भरून आले. आडवं असताना बीपी हाय आणि उभं राहून लो, हे काय प्रकरण आहे बाप्पा?

नाडीपरीक्षा
वरचं बीपी २० किंवा खालचं १० ने उतरलं की त्याला आम्ही पॉझिटिव्ह धरतो, तुमच्याकडे ३२ आणि १२ उतरलंय. त्याहून बोलका आकडा नाडीचा आहे. कोणाचंही बीपी एवढं पडलं तर नाडी १५-२० ने उसळते, पाणी कमी पडलेल्या माणसाची तर नक्कीच. इथे चारने वाढली. नसा सांगतच नाहीयेत हृदयाला. मान-खांदे भरून येणं पण त्यातलंच, तिथल्या स्नायूंना रक्त कमी पडतं उभं राहिल्यावर.

पण टॅमसुलोसिन! प्रोस्टेटची ही गोळी उभं राहिल्यावरचं बीपी पाडते. डॉक्टरांना आकडे लिहून दाखवा आणि दुसरा पर्याय आहे का विचारा, स्वतः बंद करू नका, लघवी अडकली की वेगळी पळापळ. पायाच्या आगीसाठी कोणी अ‍ॅमिट्रिप्टिलिन दिली असेल तर तीही तेच करते आणि वरून नाडी वाढवते. मेटफॉर्मिन इतकी वर्षं चालू आहे तर बी१२ तपासा, ते कमी असलं तरी नसा बिघडतात आणि ते भरून काढणं त्यातल्या त्यात सोपं असतं.

गोरेवाडा
मी स्वतः ह्यातून गेलेलो आहे, वय ६६, निवृत्त. ह्या नसा तपासायची श्वासाची टेस्ट माझी झाली होती, भीती वाटण्यासारखं काहीच नसते. ईसीजीच्या वायरी लावून आडवं केलं, ती मुलगी हात वर-खाली करून सांगायची, पाच सेकंद श्वास आत, पाच सेकंद बाहेर, एका मिनिटात सहा श्वास. कागदाची लांब पट्टी निघत राहते. श्वास घेताना ठोके जवळ जवळ यायला हवे आणि सोडताना लांब, माझ्या पट्टीवर सगळे एकसारखे, शाळेच्या कवायतीसारखे. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी नाडीतला फरक १५ च्या वर चांगला, १० च्या खाली खराब, वय वाढलं की तसाही थोडा कमी होतो असं सांगितलं. माझा ४ आला. मग उठून उभं राहायला लावून पुन्हा पट्टी, हाताने पकड दाबायला लावतात, नळीत फुंकायला लावतात. डॉक्टर म्हणाले एडिनबर्गच्या इविंग नावाच्या माणसाने हा सेट बसवला, पन्नास वर्षं होत आली, अजून तोच चालतो.

पण मला मुख्य सांगायचं ते वेगळं आहे. मला हार्ट अटॅक येऊन गेला आणि छातीत दुखलंच नाही. पोळ्याच्या दिवशी दुपारी नुसता घाम, मळमळ, आणि दोन जिने चढलो तर असा दम लागला की पायरीवर बसलो. घरचे म्हणे अ‍ॅसिडिटी, सोडा दिला. दुसऱ्या दिवशी ईसीजीत निघालं. दुखण्याची बातमी आणणाऱ्या नसाच गेलेल्या असतील तर दुखणार कसं? तेव्हा बाबांना अचानक दम, थंड घाम, मळमळ, एकदम गळून गेल्यासारखं वाटलं तर छातीत दुखायची वाट बघू नका, १०८ ला फोन लावा.

उन्हाळी_वाळवण
गोरेवाडा काका, वाचून अंगावर काटा आला. माझ्या आईचं पण असंच आहे, ५८ वय, एसीआर १४०. तिला चक्कर येते म्हणून शेजारच्या काकूंनी मीठ-साखर-पाणी सुरू करून दिलं, रोज दोन ग्लास! वरून सावजी रस्सा नाही तर जेवण गोड लागत नाही तिला. आणि दुसरं म्हणजे बीपीची टेल्मिसार्टन सुरू केल्यावर क्रिएटिनीन ०.८ वरून ०.९५ झालं तर घरात सगळे म्हणून राहिले की गोळीनेच किडनी खराब केली, बंद कर. काय करू?

नाडीपरीक्षा
ताई, आधी गोळी. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल ह्या दोन गटांतल्या गोळ्या गाळणीतून बाहेर जाणारी आवळलेली नळी सैल करतात, आतलं प्रेशर उतरतं, म्हणून अल्ब्युमिन कमी होतं. प्रेशर उतरलं की गाळण्याचा वेग थोडा कमी होणारच, म्हणून क्रिएटिनीन जरासं वर जातं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ आम्ही चालवून घेतो, तुमच्या आईची वीसच्या पण आत आहे. सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनीन आणि पोटॅशियम दोन्ही बघायचं, तेवढं करा. आणि ह्या दोन गटांच्या गोळ्या एकत्र कधी नाही, एकच.

मीठ-साखर-पाणी आजच बंद. शुगर वाढते ते वेगळंच, पण मिठाचा पेच खरोखर अवघड आहे आणि सगळे इथेच घोळ घालतात. उभं राहून बीपी पडणाऱ्या तरुण, निरोगी किडनीच्या माणसाला आम्ही मीठ वाढवायला सांगतो. पण ज्याचं आडवं असताना १५८ आहे आणि लघवीत अल्ब्युमिन आहे त्याला मीठ म्हणजे रात्रभर गाळणीवर मारा. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक चमचा, तोही लोणचं-पापड-फरसाण धरून. मग चक्करेचं काय, तर बिनमिठाचे उपाय करायचे. उठण्याआधी पलंगाच्या काठावर पाय सोडून दोन मिनिटं बसायचं, पोटऱ्या आवळायच्या-सोडायच्या. सकाळी उठायच्या आधी दोन ग्लास साधं पाणी पटकन प्यायलं तर अशा लोकांचं बीपी थोड्या वेळासाठी बऱ्यापैकी वर येतं, हृदय किंवा किडनीमुळे पाणी मोजून घ्यायला सांगितलेलं नसेल तरच. पलंगाची डोक्याकडची बाजू विटा लावून चार-सहा इंच वर. पोटाला पट्टा, लांब मोजे. आणि तुडुंब जेवण टाळायचं, जेवणानंतर रक्त पोटाकडे जातं आणि बीपी अजून पडतं. महालक्ष्मीच्या पंगतीतून उठताना घेरी आली असं सांगणारे पेशंट माझ्याकडे दरवर्षी असतात, लोकं पुरणपोळीच्या गोडाला दोष देतात.

संत्री_बिंत्री
माझ्या साडभावाला कोणीतरी किडनी साफ करणारं चूर्ण दिलं, सोबत कसलंतरी भस्म, म्हणे तीन महिन्यांत अल्ब्युमिन गायब. आणि गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक स्वतःच मेडिकलमधून आणून खातो, शेंगदाण्यासारख्या. हे चालते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, संत्री बंद करावी लागतात का किडनीवाल्यांना? नागपुरात राहून संत्री बंद म्हणजे शिक्षाच आहे.

नाडीपरीक्षा
डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ह्या गोळ्या गाळणीत रक्त आणणारी नळी आवळतात. वरून टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर किडनी काही दिवसांत बसू शकते. गुडघ्याला पॅरासिटामॉल, मलम, शेक. भस्मांत पारा-शिसं निघाल्याच्या केसेस आहेत, ज्याची गाळणी आधीच गळते त्याने असले प्रयोग करू नयेत, माझं मत ठाम आहे आणि त्यावर वाद घालायला मी इथे परत येणार नाही.

संत्री खा. ह्या टप्प्यात, रक्तातलं पोटॅशियम नॉर्मल असेल तर एखादं संत्रं काही बिघडवत नाही, रस काढून पिऊ नका, शुगर चढते.

वाचनमात्र
आयडी नवीन काढून लिहितोय. वय ४९, शुगर नऊ वर्षं. नाडी माझी पण ९६ असते. बायकोसमोर संबंधाच्या वेळी त्रास होतो दोन वर्षांपासून, डॉक्टरांना सांगायला लाज वाटते. आणि जेवलं की पोट तासन्‌तास जड. ह्याचा पण संबंध आहे का? एका मित्राने ती निळी गोळी आणून दिलीय.

नाडीपरीक्षा
बरं केलं लिहिलं. दोन्हीचा संबंध असू शकतो, त्याच आपोआप चालणाऱ्या नसा पोट रिकामं करतात आणि तिकडेही जातात. पुरुषांमध्ये हा त्रास बऱ्याचदा हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचीही आधी आलेली खूण असतो, म्हणून लाजेपोटी लपवायची ही गोष्ट नाही. गोळी मित्राकडून घेऊ नका. उभं राहून बीपी पडत असेल तर तिने अजून पडतं, आणि हृदयाची नायट्रेटची गोळी चालू असेल तर जिवावर बेततं. आधी आडवं-उभं बीपी, ईसीजी, एसीआर.

सक्करदरा_एक्सप्रेस
डॉक्टर, मग हे परत येते का मागे? का आता फक्त सांभाळत राहायचं? आणि शुगर, म्हणजे एचबीए१सी, एकदम ६ वर आणली तर?

नाडीपरीक्षा
अल्ब्युमिन ह्या टप्प्यात खाली येऊ शकतं, ३० च्या आत आलेले लोक मी पाहिलेत. नसा तेवढ्या उदार नसतात, पण बिघाडाचा वेग कमी करता येतो. डेन्मार्कमध्ये स्टेनो-२ नावाचा अभ्यास झाला, टाइप २ आणि मायक्रोअल्ब्युमिन असलेले १६० जण, म्हणजे थेट तुमच्या बाबांसारखे. अर्ध्यांना शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, खाणं, व्यायाम, सिगारेट सगळ्यावर एकत्र कडक उपचार, बाकीच्यांना नेहमीचे. जवळपास आठ वर्षांनी २००३ मध्ये निकाल आला, हृदयाचे झटके निम्म्यावर, किडनी आणि ह्या आपोआप चालणाऱ्या नसांचं बिघडणं साठेक टक्क्यांनी कमी. गंमत म्हणजे पायाच्या बधिरपणात फरक पडला नाही.

शुगर घाईने ६ वर आणू नका. अमेरिकेत अकॉर्ड नावाच्या अभ्यासात ६ च्या खाली ओढायचा प्रयत्न केला आणि त्या गटात मृत्यू वाढले म्हणून २००८ मध्ये तो भाग थांबवावा लागला. कॅनवाल्याला शुगर लो झाल्याचं कळत पण नाही, घाम-थरथर-धडधड ह्या खुणा त्याच नसा देतात. बाबांची ग्लिमेपिराइड म्हणूनच मला खटकते. तिच्या जागी किंवा ती कमी करून डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन बसते का विचारा, किडनी आणि हृदय दोघांना राखणारा गट आहे, डॅपाचं पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाचं २०२५ मध्ये संपल्यापासून खिशालाही परवडतो. अ‍ॅम्लोडिपिन एकटी ठेवण्यापेक्षा टेल्मिसार्टन, पण बाबांच्या बाबतीत लहान डोसपासून आणि दर वेळी उभं राहून बीपी बघत. नुसती नाडी खाली आणायला मेटोप्रोलॉल स्वतःहून नाही.

लॅबवाला
डॅपावाल्यांनो, लघवीच्या रिपोर्टमध्ये शुगर चार प्लस येईल, घाबरून आम्हाला शिव्या घालू नका, ती गोळी शुगर लघवीतूनच काढते.

उन्हाळी_वाळवण
आईला पण डॅपा लिहून दिली आहे. आपल्याकडे मे महिन्यात ४५-४६ जाते, तेव्हा काय?

गोरेवाडा
मी घेतो, चार उन्हाळे काढले. दुपारी घराबाहेर नाही, अंबाझरीचं फिरणं पहाटेच आटपायचं, कूलर सुरू. मला पायाला घामच येत नाही आणि जेवताना मात्र कपाळावरून धारा लागतात, हेही नसांचंच, म्हणून गर्मी अंगाला लवकर लागते. खालची जागा रोज धुवून कोरडी ठेवायची, नाही तर खाज-बुरशी होते, आईला मोकळेपणाने सांगा.

नाडीपरीक्षा
काकांच्या यादीत भर घालतो. उलट्या-जुलाब, खूप ताप, किंवा काही पोटात राहत नाही असा दिवस आला की डॅपा, मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी असेल तर ती, हे सगळं थांबवून डॉक्टरांना फोन करायचा, नीट खायला-प्यायला लागल्यावर परत सुरू. इन्सुलिन असेल तर ते मात्र स्वतः बंद करायचं नाही. नवरात्रात नऊ दिवस कडक उपास असेल तर आधी विचारा, डॅपावर उपाशी राहिलं की शुगर १८० दिसत असताना पण रक्तात आम्ल साठू शकतं.

सक्करदरा_एक्सप्रेस
खूप आभार सगळ्यांचे. गुरुवारी मेडिकल कॉलेजच्या सुपरस्पेशालिटी हॉस्पिटलला जाऊन राहिलो, नेफ्रॉलॉजी आणि कार्डियोलॉजी दोन्ही एकाच जागी होईल. जाताना काय काय नेऊ? आणि बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन पण ठरत आहे डिसेंबरात, त्याचं काय?

नाडीपरीक्षा
आडवं-उभं बीपीचे तीन-चार दिवसांचे आकडे एका कागदावर वेळेसकट, सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या प्रत्यक्ष, जुने एसीआर असतील तर ते. चोवीस तासांचं बीपी मशीन लावता येईल का विचारा, रात्रीचं बीपी उतरतं की नाही ते त्यातच कळतं. डोळ्याचं राहिलं असेल तर तेही.

ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना उभं राहून बीपी पडतं हे आवर्जून सांगा, सर्जनला सांगितलं म्हणजे त्यांच्यापर्यंत पोचलं असं समजू नका. भुलेखाली ह्या लोकांचं बीपी अचानक कोसळतं आणि नाडी सावरत नाही, आधी माहीत असेल तर ते तयारीत राहतात. डॅपा सुरू झाली असेल तर ऑपरेशनच्या तीन दिवस आधी बंद करायला लावतील.

तर्रीप्रेमी
आत्ताच मनगटावर मोजली, ८८. आणि एसीआर किती रुपयांत होतो लॅबवाले भाऊ? आठ वर्षं झाली शुगरला, कधी केलाच नाही.

लॅबवाला
तुमच्या तर्रीपोह्याच्या चार-पाच प्लेटांत होऊन जाते. सकाळी डबी घेऊन जा.